वर बघत चला

सिंधूनं हात वर केला आणि मागची लेकरं जागच्या जागी थबकली. बाईंचा हात वर गेला की पाय हलवायचा नाही, हे तांड्यावरच्या वस्तीशाळेत पाढ्यांच्याही आधी पाठ झालेलं. असं गप उभं राहूनच त्यांना कोतवाल पक्षी दिसला होता, चंडोल दिसला होता, बाभळीच्या सालीत मिसळून गेलेला सरडासुद्धा. म्हणून आत्ताही साऱ्यांच्या माना आभाळाकडं वळल्या.

"कुटं हाय बाई?" कुलदीपनं कुजबुजत विचारलं.

सिंधू वर बघतच नव्हती. समोरच्या खळगीत तांड्यावरच्या धर्मसिंगाचा परवा मेलेला बैल पडला होता, आणि त्याच्या पोटातून एक कुत्रं तोंड बाहेर काढत होतं. छातीपर्यंत लाल. मग दुसरं उठलं. मग झुडपांच्या सावलीतून आणखी उठतच राहिली.

तिला गिधाडं दाखवायची होती. ती लहान असताना माहेरी साखऱ्याच्या माळावर ढोर पडलं की गिधाडं पंगतीला आल्यासारखी उतरायची. जेवून झालं की मान आत ओढून बसायची, रुसलेल्या व्याह्यांसारखी. कुत्री लांबून जिभल्या चाटायची. त्या गर्दीत शिरायची त्यांची छाती नव्हती. मधे लग्न झालं, लेकरू झालं, ही शाळा मिळाली, आणि आभाळातली गिधाडं कधी सरली ते तिच्या ध्यानातच आलं नाही. बैल मेल्याचं कळलं तशी सकाळी म्हणाली होती, चला, आज मोठं पाखरू दाखवते. चार वर्षांची अंजली घरी कुणापाशी ठेवणार, म्हणून तिलाही बरोबर घेतलं होतं.

माणूस नुसतं खाली वाकलं तरी गावातलं कुत्रं दगडाच्या भीतीनं पळतं. सिंधू वाकली. यातलं एकही हललं नाही. भुंकलंही नाही, आणि तेच तिला सोसवेना.

लेकरं पळाली तर संपलं. आणि पळाली तर सगळ्यात मागं पडणार होती अंजली.

"तांड्याच्या अंगाला गेलं बघा गिधाड," ती म्हणाली. आवाज आपलाच आहे यावर तिचा विश्वास बसेना. "मागं फिरा. एकमेकांचे हात धरा आणि वर बघत चला. पळायचं नाही. पळालात तर बिचकून जाईल."

दिपा त्यांच्यात मोठी. तिनं वर पाहिलं, मग बाईंच्या तोंडाकडं पाहिलं, मग बाईंच्या पलीकडं. आता ही किंचाळणार, असं सिंधूला वाटलं. पण दिपानं अंजलीचा हात आपल्या हातात घेतला आणि तोंड तांड्याकडं केलं.

"मला दिसून राहिलं," ती म्हणाली. "बारका ठिपका हाय. त्या लिंबाच्या बराबर वर."

"मला काहून दिसत न्हाई?"

"तू खाली बगून राहिला, कुलदीप. वर बग की जरा."

रांग सरकली. सिंधू कुत्र्यांकडं तोंड करून उलट्या पावलांनी चालत होती. टाच ढेकळात अडकली, चपलेचा अंगठा तुटला. चप्पल तिनं तिथंच सोडली. एक तांबूस कुत्रा कळपाच्या पुढं निघाला होता. ती थांबली की थांबायचा, ती सरकली की सरकायचा.

"आई, घे ना," मागून अंजली म्हणाली.

सिंधूला वळता आलं नाही. अंजलीनं पुन्हा हाक मारली, आता रडवेल्या आवाजात. दिपा तिला हळू काहीतरी समजावत होती, गिधाडाचे पंख तुझ्या आईच्या लुगड्याएवढे असतेत म्हणून. मग कुलदीप म्हणाला की मलाही दिसलं. मग आणखी कुणी म्हणालं. रडणं थांबलं.

तुरीच्या शेताच्या धुऱ्यापाशी तो कुत्रा उभा राहिला. मागं बैलापाशी बाकीच्यांची जुंपली होती. त्यानं एकवार सिंधूकडं पाहिलं आणि आपल्या वाट्यासाठी उलटा पळाला. तिनं वळून अंजलीला उचललं, इतकं घट्ट की पोर कुरकुरली.

तांड्यावर दिपाची आई, नीलाबाई, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. कुलदीप हात पसरून तिला सांगू लागला, एवढं मोठं, पंख बी हलवीत न्हाई. बाकीच्यांनी त्यात आपापली भर घातली. दिपा मुकाट्यानं रांजणापाशी गेली. तिनं आधी अंजलीला पाणी दिलं. मग माळाकडं बघतच स्वतः प्यायली.

"बाई, एक चप्पल गिधाडाला देऊन आल्या का?" नीलाबाई हसली. मग शेंगांवरचा हात थांबला. "खरंच दिसलं का वं? माझं लगीन झालं तवा लई व्हती या माळावर. कितीक वर्सं झाली, म्या बगितलंच न्हाई."

सिंधूनं लेकरांकडं पाहिलं. "माळाकडं लेकरं सोडू नका, नीलाबाई," ती म्हणाली. "कुत्री लई माजलीत. माणसालाबी भीत न्हाईत."

"न्हाई सोडत. समद्यायला सांगते."

नीलाबाईनं सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि उठून अंगणाच्या मधोमध आली. डोळ्यांवर आडवा हात धरून तिनं मान वर केली.

"कोणत्या अंगाला गेलं म्हनता?"

कुणी बोलायच्या आधीच दिपानं बोट वर केलं. त्या बोटाच्या रोखानं नीलाबाई स्वच्छ आभाळाकडं बघत राहिली, बराच वेळ.