आपल्या लोकांची रांग

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. चाळीस वर्षं शाळांचे गणवेश शिवतेय. मुख्याध्यापक असो की कापडवाला, मी कोणाची भीड ठेवली नाही. त्या दिवशी विमानतळावर तीच जीभ चालली आणि माझ्या सुनेचं घर गेलं. उगाच आडवळणाने सांगत बसत नाही.

सून परदेशातली. नऊ वर्षांपूर्वी पोराने मला न विचारता लग्न केलं आणि तिला दारात आणून उभी केली. मी तिला 'पाहुणी' म्हणायचे. 'पाहुणी उठली का?', 'पाहुणीला विचारा, भाजीत मीठ चालेल का?' तिला आधी कळत नव्हतं म्हणून ती हसायची. मग आपली भाषा कळायला लागली, तरी हसायची. वर्षभरात ती माझ्या कारखान्यात काजाच्या मशिनवर बसायला लागली. कारखाना म्हणजे काय, घराच्या पुढची खोली आणि चार मशिनं. तिची काजं माझ्यापेक्षा सरस होती. हे मी तिला कधी सांगितलं नाही. मूल झालं नाही, त्यावरून मात्र पुष्कळ सांगितलं. ते इथे परत काढत नाही, माझीच मला लाज वाटते.

दरवर्षी दोघं तिच्या माहेरी जायची आणि मी त्यांना आणायला विमानतळावर जायचे. विमान उतरलं की अर्ध्या तासात बाहेर. पोरगा ऐटीत सांगायचा, "आई, परदेशी लोकांची रांग बघशील तर चक्कर येईल. दोन-दोन तास! हिला नागरिकाची बायको म्हणून आपल्या रांगेतून सोडतात."

"म्हणजे रांगेतसुद्धा घुसलीच," मी म्हणायचे. तो हसायचा आणि माझ्या हातातली छत्री काढून घ्यायचा.

यंदा तिकडे गेल्यावर सहाव्या दिवशी तो पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता, तो तसाच पुढे पडला. हृदय बंद पडलं. एकोणचाळीस वर्षांचा होता.

मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले ती पोराला आणायला. तिकडे पाच दिवस नुसते कागद चालले होते. दवाखान्याचा दाखला, पोलिसांचा, वकिलातीचा, विमान कंपनीचा. ती एकटी सगळीकडे धावत होती आणि मी तिच्या आईच्या घरात खुर्चीवर बसून होते. दुपारी कुठूनही धापा टाकत यायची, माझ्या रक्तदाबाची गोळी मला द्यायची आणि परत जायची. माझ्यासमोर एकदाही रडली नाही. त्या खुर्चीवर बसून मला कळलं, की आता या जगात माझं म्हणावं असं एवढंच एक माणूस उरलंय. नऊ वर्षं लागली कळायला. पण म्हटलं, कळलं ना? आता तिला फुलासारखी जपीन.

परतीच्या विमानात आम्ही तिघं होतो. आम्ही दोघी वर, तो खाली पेटीत. सकाळी नऊला उतरलो. अंत्यविधी दुसऱ्या दिवशी अकराला ठरला होता. माझा धाकटा भाऊ शववाहिका घेऊन बाहेर उभा होता.

इमिग्रेशनच्या हॉलमध्ये दोन पाट्या होत्या. डावीकडे परदेशी पासपोर्टवाल्यांची रांग, खांबांना वळसे घालून पार जिन्यापर्यंत गेलेली. उजवीकडे नागरिक आणि त्यांचे जोडीदार, जेमतेम दहा-बारा माणसं. सुनेने बॅग उचलली आणि डावीकडे वळली.

"कुठे निघालीस?"

"आई, तुम्ही तिकडून या. मी इकडून येते. बाहेर भेटू."

"इकडून कशाला? दोन तास उभी राहणार?"

"इकडून बरं पडेल, आई."

माझं डोकं फिरलं. पाच दिवस न झोपलेलं डोकं, आणि ते मुळातच गरम. "माझा पोरगा गेला म्हणून लगेच परकी झालीस का? एवढी वर्षं कुठल्या रांगेतून येत होतीस?"

"आई, जरा ऐका तर."

"काही ऐकायचं नाही मला. तू आमच्या घरची आहेस. तो खाली एकटा पडलाय आणि तू तिकडे परक्यांत उभी राहणार? चल!" मी तिचा हात धरला आणि तिला ओढलं. ती एक क्षण तशीच थांबली. त्या लांब रांगेकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. मग आली.

काउंटरवर माझ्या पोराच्याच वयाचा माणूस होता. त्याने माझा पासपोर्ट बघून शिक्का मारला. तिचा उघडला.

"यांचे मिस्टर?"

सुनेने माझ्या पायावर पाय दाबला. मला वाटलं, बिचारीला बोलवत नाहीये, मीच सांगितलं पाहिजे.

"बरोबरच आलेत," मी म्हटलं.

"कुठे आहेत?"

"खाली. सामानात."

त्याने मान वर केली. मला राग आला होता, या कोणा पोराने आज तिला अडवावं याचा. मी पिशवीतून मृत्यूचा दाखला काढला आणि त्याच्यासमोर आपटला. "हा घ्या कागद. वाचा. नवरा वारलाय तिचा. आता तरी सोडा."

त्याने वाचला. सावकाश, दोनदा. माझी अशी अपेक्षा होती, की तो शरमेने मान खाली घालेल. त्याने मान खाली घातलीच, पण टाइप करायला. मग उठून कोणालातरी हाक मारली.

आम्हाला एका काचेच्या खोलीत नेलं. तीन खुर्च्या, पाण्याचं यंत्र आणि भिंतीवर घड्याळ. एक मोठ्या मॅडम आल्या. बाई वाईट नव्हती. बसली, पाणी दिलं, आणि मग सांगितलं. सुनेचा व्हिसा नागरिकाची बायको म्हणून होता. नवरा वारला त्या तारखेला तो संपला. दाखला आता अधिकृतपणे त्यांच्यासमोर आलाय, कॉम्प्युटरात गेलाय, त्यामुळे सुनेला प्रवेश देता येत नाही. आलेल्या विमानाने, संध्याकाळी पाचला, परत पाठवावं लागेल.

"मूल आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही," सून म्हणाली.

"असतं तर वेगळा मार्ग होता."

मी जमिनीकडे बघत राहिले.

"नव्याने अर्ज तिकडून करायचा," मॅडम म्हणाल्या. "दीड-दोन महिने लागतात. तोही पाहुणी म्हणून, पंधरा दिवसांचा मिळेल."

"अहो, उद्या अकराला त्याला नेणार आहेत! तो दोन महिने थांबेल का?"

"माझ्या हातात नाही हो, आजी."

मी ओरडले, हात जोडले, मग पाया पडायला वाकले. गुडघे दुखतात म्हणून वाकता येईना, तर सुनेनेच मला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं. काही उपयोग झाला नाही.

मॅडम गेल्यावर काउंटरवरचा तो माणूस दारात आला. त्याने दोन चहा आणले होते. सून हात धुवायला कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली, तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "आजी, सांगू नये, पण तुमच्या सूनबाई परदेशी रांगेतून यायला हव्या होत्या. तिकडे फक्त व्हिसाची तारीख बघतात. त्यांची पुढच्या वर्षीपर्यंत होती. नवरा कुठे म्हणून कोणी विचारत नाही. एकदा आत आल्यावर विधवा म्हणून अर्ज केला असता, तर बहुतेकांना मिळतं. आपल्या रांगेत मात्र जोडीदार बरोबर आहे का, हे विचारावंच लागतं."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. पण ही म्हण म्हणून मोकळं होण्याइतकी गोष्ट लहान नव्हती. ती माझी चूक होती, आणि ती मी तिच्या मनगटाला धरून केली होती.

दुपारी एकच्या सुमारास कार्गोचा कारकून फॉर्म घेऊन वर आला. पेटी सोडायची तर जवळच्या नातेवाइकाची सही हवी.

"मी आई आहे," म्हटलं.

"आई चालणार नाही. विवाहित आहेत ना? पत्नीचीच लागते."

मला हसू आलं. खरंच आलं, वेड्यासारखं. "अहो, वरच्या मजल्यावर म्हणतात ही आता कोणी नाही, आणि खालच्या मजल्यावर हिच्याशिवाय कोणाचं चालत नाही? एकाच इमारतीत?"

"आमचा विभाग वेगळा आहे," तो म्हणाला आणि पेन पुढे केलं.

सुनेने फॉर्म घेतला. मृताशी नातं, असा रकाना होता. तिने तिथे 'पत्नी' लिहिलं. तिचं अक्षर फार सुंदर आहे, हेही मी तिला कधी सांगितलं नव्हतं. सही करून फॉर्म परत दिला, आणि मग पहिल्यांदा ती रडली. अगदी थोडं, दोन्ही हातांनी तोंड दाबून.

मी म्हटलं, "पोरी, मला माहीत नव्हतं गं."

"मला माहीत होतं, आई."

"काय?"

"व्हिसा वाढवताना दरवर्षी मी तो कागद वाचून सही करते. त्यात लिहिलेलं असतं. म्हणूनच तिकडे निघाले होते."

"मग बोलली का नाहीस? मला ढकलून द्यायचं होतंस! एरवी मी ऐकत नाही, तर तूही ऐकू नकोस ना!"

ती म्हणाली, "तुम्ही हात धरलात. 'आमच्या घरची' म्हणालात. मला सोडवेना."

चाळीस वर्षं चालवलेल्या जिभेने मी तिची माफीसुद्धा मागितली नाही. माफी मागितली असती तर तिने लगेच 'असू दे आई' म्हटलं असतं, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

तिने डोळे पुसले आणि मला उद्याचं सांगायला लागली. कपाटात वरच्या खणात त्याचा निळा शर्ट आहे, तो घाला. कॉलरची शिलाई आतून उसवलीय, दोन टाके घाला. चष्मा घालू नका, त्याला आवडायचा नाही. गणवेशाचे साठ नग काज करून ठेवलेत, बटणं तेवढी राहिलीत. तुमच्या गोळ्या या महिनाअखेरीस संपतील.

"हो," मी म्हणत राहिले. "हो. घालते. हो."

तीन वाजता महिला शिपाई आली आणि म्हणाली, आजी, तुम्हाला आता बाहेर जावं लागेल, पेटी तयार आहे.

पाचच्या विमानाने त्यांनी तिला परत पाठवलं. मी घरी जाऊन कॉलरला टाके घातले. दुसऱ्या दिवशी अकराला त्याला नेलं. तिथे गुरुजींनी विचारलं, पत्नी कुठे आहेत, त्यांना पुढे बोलवा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पुढे मीच गेले.