मन्सूरचा विलायती उस्ताद

"साहेब, तुमची मशीन बिघडली," मन्सूर म्हणाला. "माह्या उस्तादाले झोप येऊन राह्यली."

अहेरीच्या बंगल्यात जंगल खात्याचे नवे साहेब दाते यांच्या नव्याकोऱ्या ग्रामोफोनवर मन्सूरची तबकडी फिरत होती. मन्सूर गावच्या बँडचा क्लॅरोनेटवाला. पस्तीस साली एक गोरा साहेब बदलीवर जाताना आपला जुना ग्रामोफोन आणि ही जॅझची तबकडी त्याला देऊन गेला. तेव्हापासून वीस वर्षे गडी तबकडीतल्या क्लॅरोनेटवाल्याच्या नादी लागला होता. नाव वाचता येईना, म्हणून नुसता 'उस्ताद'. बायको सईदा म्हणे, "तबकडीशीच निका लावाचा होता, मले काऊन आणलं?" पण उस्तादाची ती धावती चाल त्याने अशी उचलली, की सावली गावापासून सिरोंच्यापर्यंत तिच्याशिवाय वरात हलेना. परवा जुन्या मशीनची स्प्रिंग तुटली, म्हणून तो इथे आला होता.

दात्यांनी तबकडीवर कागदाचा कपटा ठेवला आणि घड्याळ लावून फेरे मोजले. "मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे. ही बरोबर फिरतेय, मन्सूरभाऊ. तुमची जुनी मशीनच दुप्पट पळत असणार."

"मंग माहा उस्ताद?"

दाते विलायतेत शिकलेले. ते जरा चाचरले. "तुमच्या उस्तादाच्या मुलखात मयत नेताना बँड वाजतो. ही त्या वेळची चाल आहे."

मन्सूर बोटांवर वराती मोजू लागला. किती नवरदेव मिरवले, किती व्याही नाचवले! आणि हाजरा? लेकीच्या लग्नात त्याने दुसऱ्या कोणाला फुंकू दिले नव्हते. रस्ताभर हीच चाल. वर्षाच्या आत पहिल्या बाळंतपणात पोरगी गेली.

"साहेब, मी पोरीच्या लग्नात मयत वाजवली."

"अहो, त्यानं कुणी मरतं का?"

मन्सूरने तबकडी उचलली. "वीस वर्सं याच्या पाया पडलो! यानं सांगतलं नाई." हात वर गेला. फरशीवर आपटायचाच अवकाश होता. मग त्याने विचारले, "त्याह्यच्यात मयतीत वाजवलं चालते?"

"चालतं. मानानं वाजवतात."

"आमच्यात नाई चालत."

हाजराच्या जनाज्यामागे अख्खा बँड मोकळ्या हातांनी चालला होता. परक्यांच्या पोरी वाजतगाजत पाठवणारा बाप आपल्या पोरीला मुक्यानेच पोहोचवून आला होता. ती सल आजवर त्याने सईदालाही सांगितली नव्हती.

त्याने तबकडी पुन्हा मशीनवर ठेवली. पिशवीतून क्लॅरोनेट काढली. "लावा, साहेब."

उस्ताद संथ निघाला. मन्सूरची बोटे मात्र धावायला सवकलेली, ती पुढेच पळत. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा सूर धरून ठेवला, छातीतला दम संपेपर्यंत धरला, तेव्हा कुठे तो उस्तादाच्या पावलाशी आला. डोळ्यांतले पाणी दाढीत उतरत होते, पण फुंक हलली नाही.

बाहेर बैलबंडी थांबली. गाडीवान मुखरू उघड्या दारातून ओरडला, "मन्सूरभाऊ, आज कोनाची वरात हाय?"

मन्सूरने तोंडातून क्लॅरोनेट काढली नाही. दाते उठले आणि त्यांनी दार हलकेच लोटून घेतले.