आठ अंशांवरचं रोप

आठ अंश

चाकणच्या कंपनीत गाड्यांचे डॅशबोर्ड तपासायचं चेंबर आहे. खोलीएवढं कपाट, आधी गार होतं, मग तापतं. ओंकारनं डॅशबोर्डांमागं कुंडी लपवली. शिफ्टमधल्या जोडीदार मुबीननं दुसऱ्याच दिवशी हेरली.

"भावा, टेस्टिंग करतो का नर्सरी चालवतो?"

"मंजुषाचं रोप आहे."

 मुबीननं रोपाला उजेड म्हणून घरून प्लॅस्टिकचा दिवा आणून आत टांगला.

चार अंश, तिथले

गेल्या पावसाळ्यात ओंकार आणि मंजुषा, नवरा-बायको, हिमालयातल्या अभयारण्यात गेले होते. झाडं खालीच संपली. वर नुसता खडक, आणि फटींत बोटभर रोपं, लोकर पांघरल्यासारखी. काही उपटायचं नाही, असं चौकीवर बजावलं होतं. मंजुषानं एक उपटून मोज्यात घातलं.

"एवढ्यातून एक गेलं तर डोंगर काय रडतोय."

दिवाळीनंतर ती आजारी पडली. हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांत एकच धरून बसली. "ते परत लावून ये. उगाच आणलं."

एकोणचाळीस

मार्चातच काळेवाडीच्या घराच्या गॅलरीत पानं करपायला लागली. वरची वाट जूनमध्ये उघडते. तोवर जगवायचं, म्हणून चेंबर. टेस्टची गार पायरी संपत आली की दोघांपैकी कोणीतरी बटण दाबून ती लांबवायचं. गुरुवारी एमआयडीसीची लाइट जाते, कंपनीला सुट्टी. म्हणून बुधवारी कुंडी आइसबॉक्समधून दोघांपैकी कोणाच्या तरी घरी.

एका बुधवारी ओव्हरटाइम लागला, दोघं वेगवेगळ्या वेळी सुटले. ओंकारला वाटलं, मुबीननं नेली. मुबीनला वाटलं, ओंकारनं.

पंच्याऐंशी

गुरुवारी संध्याकाळी लाइट आली आणि मशीननं आपणहून पुढची, तापायची पायरी धरली.

शुक्रवारी दोघं आले, मुबीननं दार उघडलं. गरम प्लॅस्टिकचा वास. दिवा वितळून लोंबत होता. रोप चहाच्या चोथ्यासारखं झालेलं.

"मी नेली असती, राव. तू बोलला नाहीस."

"नाही बोललो."

ओंकारनं कुंडी उचलली आणि बोटं भाजली तरी खाली ठेवली नाही.

जून

रजा मंजूर झाली. ओंकारनं वाळकं मूळ झटकलं. माती काळेवाडीचीच पडली. मूळ त्याच मोज्यात घातलं.

"नेमकी फट सापडेल?" मुबीननं विचारलं.

ओंकार मोज्याला गाठ मारत राहिला. ती फट मंजुषालाच माहीत होती. ती उपटत होती, तेव्हा तो पाठ करून उभा होता. चौकीकडून कोणी येतंय का, बघत.