खालचे तीन सूर

“तुमच्याकडून नेल्यापासून खालचे तीन सूर लागत नाहीत,” लिफ्टवाले म्हणाले आणि हातातली सॅक्सोफोनची पेटी माझ्या टेबलावर ठेवायला लागले.

“थांबा. काय म्हणालात? माझ्याकडून नेल्यापासून?”

“म्हणजे... आधी लागत होते. म्हणून म्हटलं. एकदा आत दिवा सोडून बघता का, कुठून उजेड बाहेर येतोय का ते?”

दिवा! एकतीस वर्षं मी सॅक्सोफोन दुरुस्त करतोय, आणि हे मला दिवा सोडायला शिकवणार. या धंद्यात मला एकच गोष्ट कळली आहे: माणूस जितका कच्चा, तितकं त्याचं वाद्य भारी. दातांचे डॉक्टर येतात, बांधकामवाले येतात. हातात असं वाद्य, की ज्यासाठी खरा वादक जन्मभर झुरतो, आणि वाजवतात काय, तर रेड्याचं रेकणं. ते वाजवलं की माझ्याकडे येतात आणि म्हणतात, वाद्यात काहीतरी आहे. वाद्यात काही नसतं. वाद्याच्या मागे जो उभा असतो, त्याच्यात असतं.

हे लिफ्टवाले त्यातलेच. पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झाले आणि आल्टो सॅक्सोफोन घेतला. तोही साधासुधा नाही, मुरलेल्या वादकांसाठी बनवतात तो. तोंडाशी हाताने कोरलेली वेलबुट्टी, चाव्या लोण्यासारख्या. नवशिक्यांसाठी बरं-वाईट काहीतरी मिळतं, ते घ्यायचं ना! तर म्हणे, “आयुष्यभर कंपनीची झिजलेली हत्यारं वापरली. एक तरी वस्तू पहिल्या प्रतीची हातात असावी.” वा रे वा. मी स्वतः बँडमध्ये पहिला आल्टो वाजवतो, आणि माझ्या वाद्याला सतरा ठिकाणी डाग दिलेले आहेत. मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू?

महिन्याभरापूर्वी ते पहिल्यांदा आले, तेव्हा वाद्याची एक चावी चिकटत होती. नव्या वाद्यात होतं तसं. चावीखाली चामड्याची गादी असते, ती भोक बंद करते. गादीखाली कागदाची पट्टी सरकवायची, चावी हलकेच दाबायची, पट्टी ओढून काढायची; चिकटपणा कागदाला लागून निघतो, झालं. लोक त्यासाठी खास कागद विकत घेतात. मी मागच्या वर्षीचं कॅलेंडर कापतो.

आणि आता ही तक्रार. “नाचता येईना, अंगण वाकडं,” मी त्यांना तोंडावर म्हणालो. “दिवा वाद्यात नाही, डोक्यात पडायला पाहिजे. घरी जा, रियाज करा.”

ते गेले. निमूटपणे गेले, याचाही मला राग आला. आतल्या खोलीतून बायको म्हणाली, “अहो, उघडून बघायचं होतं एकदा. तोंड चालतं तेवढे डोळेही चालवावेत माणसाने.”

“तू गप्प बस,” मी म्हटलं.

पुढच्या रविवारी बँडमध्ये त्यांची परीक्षा होती. आमचा हौशी बँड, बावीस माणसांचा. तिसऱ्या आल्टोची खुर्ची रिकामी झाली होती आणि लिफ्टवाल्यांना ती हवी होती. वर्षभर मागे बसून ते आमची तालीम ऐकत होते, घरी एकट्याने तेच वाजवत होते. बावीस जणांसमोर उभे राहिले, शर्टाला इस्त्री, केस चोपून बसवलेले. वरचे सूर स्वच्छ वाजवले. बरे वाजवले, म्हणायला हरकत नाही. मग सूर खाली उतरत गेले आणि वाद्य गुरगुरलं, खाकरलं, आणि शेवटी चींऽऽ करून ओरडलं.

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. आधी कोण हसलं होतं? मीच.

“बघू, कळवतो,” बँडमास्तर म्हणाले. बँडमास्तरांचं ‘कळवतो’ म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आठवड्याने लिफ्टवाले पुन्हा दुकानात आले. या वेळी पेटी टेबलावर ठेवायला त्यांनी परवानगी विचारली.

“विकून टाका,” म्हणाले. “चांगल्या वादकाला द्या. कपाटात पडून राहायला नको.”

“का हो? हौस फिटली?”

“नाही जमत. रोज चार-चार तास घासलं. ओठ फुटले. तुम्ही म्हणालात तेच खरं. खोट माझ्यातच आहे.” खिशातून रुमाल काढून त्यांनी पेटीवरची बोटांची खूण पुसली आणि निघून गेले.

मला, सांगायला लाज वाटते, आनंद झाला. त्यांची पाठ वळल्यावर लगेच पेटी उघडली. म्हटलं, आता या बिचाऱ्या वाद्याला कळू दे, हात कशाला म्हणतात. वरचे सूर असे सुटले की अंगावर काटा आला. मग खाली उतरलो.

वाद्य गुरगुरलं. खाकरलं. चींऽऽ करून ओरडलं.

पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. बायको दारात येऊन उभी राहिली. मी आत दिवा सोडला. एका बंद गादीच्या कडेने उजेडाची फट दिसत होती. चिमटा घातला आणि ओढलं, तर नखाएवढा कागद बाहेर आला. त्यावर लाल छपाईतल्या सातची शेपटी. रविवार, माझ्याच कॅलेंडरमधला.

महिन्याभरापूर्वी चावी साफ करून वाजवून बघितलं तेव्हा वाद्य झकास बोललं होतं. मग शेवटचा हात म्हणून मी पुन्हा पट्टी ओढली, आणि ओढता ओढता त्यांना सुनावत होतो, की असली वाद्यं हौशागवशांच्या हातात द्यायलाच नकोत. तोंड चाललं होतं, पट्टी फाटली होती. गाढव लेकाचा! ते नव्हे. मी.

पेटी घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या इमारतीतली लिफ्ट चालू होती, असणारच. त्यांनीच दार उघडलं. मी तळहातावरचा कागद दाखवला आणि सगळं सांगितलं.

“म्हणजे माझं चुकत नव्हतं?” त्यांनी विचारलं.

“नव्हतं.”

ते स्टुलावर बसले. फुटलेल्या ओठावरून बोट फिरवत राहिले. “आमच्या धंद्यात,” मग म्हणाले, “तक्रार आली की आधी दार उघडायचं. शिव्या द्यायच्या त्या नंतर. आत माणूस अडकलेला असतो हो.”

“मी बँडमास्तरांशी बोलतो.”

“बोला. पण ‘वाद्यात बिघाड होता’ एवढंच सांगू नका. कागद कोणाचा, तेही सांगा. सगळ्यांसमोर. मी तुम्हाला हसताना बघितलंय.”

रविवारी मी गेलो. तिसऱ्या आल्टोच्या खुर्चीत बँडमास्तरांच्या साडूचा मुलगा बसला होता. एवढ्यात! ज्यांची वाद्यं एकतीस वर्षं मीच दुरुस्त करतोय, त्या सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि कागदाचा तुकडा वर धरला. लिफ्टवाले मागच्या बाकावर होते, पेटी मांडीवर, बंद. मी सगळं सांगितलं, कॅलेंडरसकट, हसण्यासकट.

कोणीतरी हसेल म्हणून मी वाट पाहिली. कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या क्लॅरिनेटवाल्याने, ज्याचं वाद्य मी परवाच दुरुस्त करून दिलं होतं, ते उचललं आणि एकेक गादी उजेडाकडे धरून बघायला लागला.