वाकड्या खाचेची साक्ष

मी फोन टेकवायचा लाकडी ठोकळा बोलतोय. ‘ठोकळ्यासारखा बसू नकोस,’ असं माणसं एकमेकांना म्हणतात. मी तसाच बसतो, मला दुसरं काही येत नाही. शिकलेला नाही, घाईही नाही. ऐकायचं असेल तर जरा दम धरा.

मूळचा मी एका दाराच्या चौकटीतून उरलेला तुकडा. माझा मालक सुतार. चाळीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या घरांना दारं बसवली, आणि मग त्याचे हात थरथरायला लागले. आडवं पडून फोन धरला की नाकावर पडायचा. तेव्हा त्याने मला घेतलं आणि तीनदा थांबत थांबत करवतीने फोनापुरती खाच पाडली. खाच तिरकी गेली. उलटसुलट करून तो मला बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, “राहू दे. आता दोघंही असेच.” त्याच्या हातचं ते शेवटचं काम.

रोज सकाळी दहाला तो मला खिडकीजवळच्या टेबलावर ठेवायचा, माझ्यात फोन टेकवायचा आणि बुद्धिबळ खेळायचा. समोर त्याचा जुना मित्र, शिंपी. दोघांची दुकानं शेजारी होती तेव्हा ते लाकडी पटावर खेळायचे. गुडघे गेल्यावर शिंपी लेकीकडे लांब राहायला गेला. मग पट फोनवर आला. खेळता खेळता बोलताही यायचं.

“अरे सुतारा, घोडा हलवतोयस की रंधा मारतोयस त्याला?”

“तू काजं करत बस. माझं प्यादं आत शिरलं बघ.”

सुताराचं बोट थरथरायचं, चाल भलत्याच घरात पडायची. शिंपी म्हणायचा, “ती मी धरत नाही. मागे घे, परत खेळ.” चार वर्षांत त्याने तशी एकही चाल धरली नाही.

शनिवारी फोनवरच्या या खेळात सगळ्यांसाठी स्पर्धा असायची. तिथे ‘वादळ’ नावाचा एक जण सगळ्यांना लोळवायचा. शिंपी त्याच्याकडून अकरा डाव हरला.

“हा माणूस नाही रे, शिलाई मशीन आहे! कुठे अडकत म्हणून नाही.”

“जाऊ दे,” सुतार समजूत काढायचा. “कधीतरी त्याचाही दोरा तुटेल.”

वादळ कोण, ते मला ठाऊक होतं. सुताराचाच मुलगा. दुपारी म्हातारा आडवा झाला की मुलगा मला आपल्या खोलीत न्यायचा, माझ्यात स्वतःचा फोन टेकवायचा आणि शेजारी कॉम्प्युटर लावायचा. चाल कॉम्प्युटर सांगायचा, हा नुसतं बोट फिरवायचा. जिंकल्यावर असा आळस द्यायचा, जणू दिवसभर लाकडं फोडून आलाय.

वैतागून दोघा म्हाताऱ्यांनी खेळवाल्यांना तक्रार पाठवली. लिहून घेतलं सुनेने.

“लिही बाई,” सुतार म्हणाला, “प्रत्येकाचं तोंड बघा, मगच पट मांडा. एका माणसाला एकच खातं द्या.”

तक्रारी बऱ्याच जणांच्या गेल्या असाव्यात. दोन महिन्यांत नियम आला. ओळखपत्र दाखवा, चेहरा दाखवा, नाहीतर खातं बंद. शिंपी खूश झाला. “आता बघतोच, हे वादळ कुणाच्या पोटचं ते!”

मुलाची पंचाईत झाली. त्याच्या स्वतःच्या नावाचं खातं लबाडीपायी आधीच बंद झालेलं होतं. एका दुपारी तो बापाजवळ आला आणि माझ्यात आपला फोन टेकवला.

“बाबा, तुमचं ओळखपत्र द्या जरा. औषधांच्या कार्डाचं काम आहे. इथे बघा. डोळे मिटा, उघडा. आता डावीकडे.”

“बघतो.”

“मान सरळ धरा ना!”

“मान सरळच आहे रे. ठोकळा वाकडा आहे.”

सांगितलं तसं म्हाताऱ्याने सगळं केलं. शेवटी म्हणाला, “बरं झालं, तू आहेस म्हणून. मला कुठलं जमतंय हे.”

मग त्याच्या स्वतःच्या खात्याची पाळी आली. सावकाश माणूस, शेवटच्या दिवशी बसला. सुनेने मदत केली. उत्तर आलं, या माणसाचं खातं आधीच आहे, नाव वादळ. दोन्ही खाती बंद. शिवाय ही दोन्ही एकाच माणसाची, असं सगळ्यांना दिसेल अशा यादीत लावलं.

सुनेने जाब विचारला, तेव्हा त्यांनी तपासणीचा फोटो पाठवला. फोटोत म्हातारा होता, मागे त्याचीच खिडकी. म्हातारा कललेला, खिडकीही तेवढीच कललेली. तो फोटो बघत राहिला. मग फोन बाजूला ठेवून त्याने माझ्या खाचेवरून अंगठा फिरवला. औषधांच्या कार्डाचं काम खरं कसलं होतं, ते त्याला माझ्या वाकडेपणामुळे कळलं.

तेवढ्यात शिंप्याचा फोन आला. आवाज खोलीभर घुमला.

“तूच होतास होय रे? अकरा वेळा? आणि वर माझीच समजूत काढायचास!”

मुलगा दारात उभा होता. म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. मुलगा पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होता.

“बोल की!” शिंपी फोनमधून ओरडला.

“तोंड माझंच आहे,” म्हातारा म्हणाला.

फोन बंद झाला.

“एवढं काय बाबा, खेळच तर होता,” असं म्हणून मुलगा आत गेला.

सून म्हणाली, “खरं का नाही सांगितलंत?”

“ते त्याने सांगायचं होतं. मी थांबलो होतो.”

तपासणी वाईट होती, असं मी म्हणणार नाही. ती मागितली होती तीही म्हाताऱ्यानेच. तिने तोंड बरोबर ओळखलं. ते घरच्यानेच फसवून नेलेलं आहे, हे तिला कुठून कळावं? पण तुम्हाला तर कळतं. तुम्ही घरातल्या म्हाताऱ्यांना ‘इकडे बघा’ म्हणता आणि ती बघतात. कशासाठी, म्हणून विचारत नाहीत. त्याची तरी लाज धरा.

आता मी मुलाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली असतो, खाच जमिनीकडे करून. परवा वरून आवाज आला, “तुझं ओळखपत्र कुठंय गं? पाच मिनिटांचं काम आहे.” सुनेने खणाला कुलूप लावलं, तेवढं ऐकू आलं.

दहा वाजता म्हातारा अजून खिडकीजवळ येऊन बसतो, उघड्या दारातून मला दिसतं. फोन दोन्ही हातांत धरतो. तो वाजत नाही, नुसता थरथरतो.

तुमच्यापैकी कुणी त्या शिंप्याला ओळखत असाल तर माझा एवढा निरोप द्या. त्याला म्हणावं, आठवून बघ. त्या अकरा डावांत एक तरी चाल भलत्या घरात पडली होती का?