शेजारणींचे पाय

"अजून एक बादली ओतू का रे?" ताईने न्हाणीघराच्या दारातून विचारलं.

"ओत. पण हळू."

त्याने मोरीच्या तोंडाशी टाकलेली पूड पाण्याबरोबर पोपटी होऊन गरगरत खाली चालली होती. ताई कौतुकाने बघत होती. धाकट्या भावाने काहीही केलं तरी तिला कौतुकच. लहानपणी त्याने भिंतीवरचं घड्याळ खोलून मोडलं, तेही तिने चार घरी सांगितलं होतं.

प्रयोगशाळेत त्याला सगळे मीठवाला म्हणत. जुन्या दगडी वास्तूंची दुरुस्ती करण्याआधी दगडाला नेमकं काय झालंय ते तपासायचं, हे तिथलं काम, आणि दगडात शिरलेले क्षार मोजायचे, हे त्याचं. उभं आयुष्य त्यात गेलं. बायको म्हणायची, जगाचं मीठ मोजता, पण ताटातलं कमी की जास्त ते काही तुम्हाला कळत नाही.

ताईचं घर एका जुन्या कमानीला टेकलेलं होतं. कमानीच्या तळाशी, हातात हात घालून चालणाऱ्या बायकांची कोरीव रांग होती. लग्न होऊन आल्यापासून ताई त्यांना 'माझ्या शेजारणी' म्हणायची आणि येता-जाता त्यांच्याशी दोन शब्द बोलायची. गेल्या काही वर्षांत या शेजारणींच्या पायांचा भुगा व्हायला लागला. जमिनीतून ओल चढते, बरोबर क्षार आणते, ओल वाळली की क्षारांचे खडे होतात आणि ते दगड आतून फोडतात. मीठवाल्याने कागदाचा ओला लगदा थापून ते क्षार ओढून काढले, पण काही महिन्यांत तेवढेच पुन्हा भरले. तपासणीत नायट्रेट निघालं. म्हणजे सांडपाणी. घोटे गेले होते, आता गुडघ्यांवर आलं होतं.

पाणी कोणाच्या घरचं, एवढंच शोधायचं राहिलं. म्हणून कमानीला लागून असलेल्या घरांच्या मोऱ्यांत एकेक करून रंग सोडायचा आणि तो दगडातून बाहेर येतो का ते बघायचं. बाकीच्या घरांचा रंग आला नाही. ताईचं घर त्याने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. "दुसऱ्या कोणाला पाठवू का?" असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी विचारलं, तेव्हा तो नको म्हणाला. परक्या माणसाने तिच्या न्हाणीघरात शिरावं, हे त्याला सोसलं नसतं.

भाऊजींचे पाय लुळे पडल्यावर कितीतरी वर्षं ताई त्यांना गल्लीच्या टोकाच्या सार्वजनिक न्हाणीघरात धरून धरून नेत होती. लोक बघायचे, भाऊजी मान खाली घालायचे. अखेर घरात न्हाणीघर झालं, तेव्हा ताई लहान मुलीसारखी रडली होती. भाऊजी घसरू नयेत म्हणून खरखरीत फरशी शोधायला यानेच दुकानं पालथी घातली. मोरीचं पाणी जमिनीत जिरवायला शोषखड्डा घरामागे, कमानीच्या पायाशी खणला, कारण दुसरी जागाच नव्हती. दगडातलं मीठ ओळखणाऱ्या या माणसाला त्या दिवशी बहिणीच्या आनंदात दगड आठवलाच नाही.

"ताई, हा रंग तिकडे निघाला तर..."

"निघू दे की. नळी कुठे फुटलीय ते तरी कळेल. ऑफिसकडून दुरुस्त करून द्या म्हणावं तुझ्या मॅडमना."

"मी या पाण्यात आंघोळ केली तर हिरवा होईन का गं?" आतून भाऊजींनी विचारलं.

"व्हा. तेवढेच ताजे दिसाल."

तोही हसला, आणि सांगायचं ते राहूनच गेलं.

पुढचे काही दिवस तो रोज संध्याकाळी कमानीपाशी चक्कर मारून येई. दगड कोरा होता. त्याला आशा वाटू लागली, आणि आशा वाटते म्हणून लाजही वाटू लागली, कारण तिकडे पायांचा भुगा पडतच होता.

मग एका सकाळी ताईचा फोन आला. "आला रे तुझा रंग. कडेच्या शेजारणीच्या गुडघ्याशी. मी ओल्या फडक्याने पुसून बघितलं, तर अजूनच पसरला. पहिल्यांदा मी बघितला हं, मॅडमना सांग."

तो गेला तेव्हा तिथे कोणी नव्हतं. दगडावर हाताएवढा पोपटी डाग होता. पिशवीत ब्रश होता. घासून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. ताई कोणाला बोलली नसती. पण रंग घासून पाणी थांबणार नव्हतं, आणि दगड इतका भुसभुशीत झाला होता की ब्रश टेकवला असता तर गुडघाच हातात आला असता. त्याने फोटो काढून मॅडमना पाठवला.

ताई बाहेर आली. "मग? कधी येणार दुरुस्तीवाले?"

"ताई, न्हाणीघर बंद करावं लागेल."

"किती दिवस?"

"कायमचं. नळी धडच आहे. पाणी खड्ड्यातून येतंय, तो बुजवणार. रस्त्यावरचं गटार घरापेक्षा उंच, तिकडे पाणी चढत नाही. आणि कमानीला लागून आता नवं काही खणू देत नाहीत."

ताईने त्या रांगेकडे बघितलं.

"यांचे पाय तरी तुम्ही नवे बसवाल," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"बुजवायला माणसं कधी येतील?"

"परवा."

"मग ह्यांची आंघोळ उरकून घेते."

तो पायरीवर बसून राहिला. भाऊजींनी सगळं ऐकलं होतं. आतून पाण्याचा आवाज येत होता, पण मोरीतून पाणी गेल्याचा येत नव्हता. त्याने वळून बघितलं. ताईने मोरीच्या तोंडात फडकं कोंबलं होतं आणि फरशीवरचं पाणी दुसऱ्या फडक्याने टिपून ती बादलीत पिळत होती.

भाऊजींना कॉटवर नीट बसवून ती बादली घेऊन बाहेर आली. त्याने हात पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली. "आता रोजचंच आहे."

थेंबही सांडू न देता ती रस्त्यावर चढली. पलीकडच्या गटारात बादली रिकामी करून ती परत आली. शेजारणींपाशी आज ती थांबली नाही.