मी शोभेचा नगारा नाही

मी एक जुना नगारा आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी तुमच्याकडे दया मागायला आलेलो नाही. जुन्या वस्तू बोलायला लागल्या की गळा काढतात, असा तुमचा समज असेल तर तो बाजूला ठेवा. मला गळा नाही, पोट आहे, आणि ते अजून ठणठणीत आहे.

मी एका मोठ्या सिंफनी वाद्यवृंदात वाजतो. तिथे मला टिंपनी म्हणतात. म्हणोत बापडे. तांब्याचं भांडं, त्यावर ताणलेलं कातडं आणि ठोका पडला की घुमणारा आवाज, याला मी तरी नगाराच म्हणतो. माझ्या शेजारी माझ्याहून लहान असा आणखी एक नगारा असतो. तो माझा धाकटा भाऊ. तो फारसा बोलत नाही, कारण मी त्याला बोलू देत नाही.

मला एका तांबटाने घडवलं. तांब्याचा एकच पत्रा घेऊन त्याने ठोकून ठोकून माझं पोट काढलं. आवाजाने शेजारी वैतागले, तेव्हा त्याने त्यांना सांगितलं की हा मोठा झाल्यावर याहून जास्त आवाज करणार आहे, आत्तापासून सवय लावून घ्या. त्याच्या हातोडीच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत. माझ्या कडेभोवती पेच आहेत. ते आवळले की माझा सूर चढतो, सैल केले की उतरतो. म्हणजे मी नुसता धडामधुडूम करणारा नव्हे. मला सूर आहे, हे नीट लक्षात ठेवा.

मला खऱ्या अर्थाने बोलतं केलं ते मामांनी. सगळा वाद्यवृंद त्यांना मामाच म्हणत असे. माझं कातडं मोठं लहरी. हवेत ओल आली की ते सैल पडतं आणि सूर उतरतो, कोरडी ऊब लागली की ताणलं जातं आणि सूर चढतो. म्हणून बाकीचे लोक जोरात वाजवत असताना मामा माझ्यावर वाकत, कान अगदी कातड्याजवळ नेत, बोटाने हलकेच टिचकी मारत, नाकातल्या नाकात सूर गुणगुणत आणि पेच फिरवत. एकदा पहिल्या रांगेतल्या एका मुलीने बापाला मोठ्याने विचारलं, की त्या काकांना झोप आली का. व्हायोलिनवाल्यांना हसू आवरेना. मामांनी मात्र बरोबर आपल्या वेळेला डोकं वर काढलं आणि असा ठोका दिला, की ती मुलगी बापाच्या मांडीवरच जाऊन बसली.

एका दौऱ्यात मला जिन्यावरून नेणाऱ्यांच्या हातून मी निसटलो. पोटाला पोचा पडला आणि त्याच्या जवळचा पेच तेव्हापासून ताठर झाला. मामांनी त्या लोकांना जे ऐकवलं ते मी तुम्हाला सांगणार नाही.

पुढे मामांचे हात थरथरू लागले. कुणी जा म्हणायच्या आत ते स्वतःच बाजूला झाले. ते घरी बसले आणि नवे नगारे आले. त्यांना कातडं नाही, प्लास्टिक. पायाने दाबलं की सूर बदलतो. ओल नाही, ऊब नाही, रुसवा नाही, फुगवा नाही. चांगले आहेत हो, शहाण्या मुलांसारखे. आम्हा दोघा भावांची रवानगी तळघरात झाली, मोडक्या खुर्च्यांच्या सोबतीला. तिथे सामान हलवणारे लोक चहा प्यायला बसत आणि कप माझ्यावर ठेवत. ज्या कातड्याला हात लावण्याआधी मामा बोटं पुसत, त्यावर कपांचे गोल डाग पडले. मला राग आला. अजूनही येतो, आणि तो मी सोडणार नाही.

मग भाची आली. या वाद्यवृंदात नवा वादक निवडताना उमेदवाराला पडद्यामागे बसवतात. चेहरा दिसू नये, ओळख कळू नये, नुसतं वाजवणं ऐकू यावं म्हणून. सगळ्यांनी एकमताने एकाच उमेदवाराला पसंती दिली. पडदा सरकवला, तर आत मामांची सख्खी भाची. मघाशी माना डोलावणारे लोक लगेच कुजबुजू लागले. वशिला लावला असं उघड म्हणायची तर सोय नव्हती, म्हणून मग त्यांनी तिचं नावच भाची ठेवलं. ते नाव प्रेमाने ठेवलेलं नव्हतं.

इथली आणखी एक रीत ऐका. नव्या माणसाने मैफलींचा एक अख्खा हंगाम वाजवून दाखवायचा आणि शेवटी सगळ्या वादकांनी मत द्यायचं, की याला ठेवायचं की नाही. भाचीचा पूर्ण हंगाम त्या टांगत्या तलवारीखाली गेला. तिने नवेच नगारे वाजवले. माझी चौकशीही केली नाही. एकदा तेवढी तळघरात आली, ओल्या फडक्याने माझ्यावरचे डाग पुसले आणि निघून गेली. मला फार लागलं ते. मला वाटलं, हीसुद्धा लोकांना घाबरणारी निघाली.

हंगामाची शेवटची मैफल जवळ आली. त्यात एक जागा अशी होती, की सगळी वाद्यं थांबतात आणि एकटा नगारा घुमत राहतो, इतका हळू की आवाज सुरू झाला की नाही अशी ऐकणाऱ्याला शंका यावी. नव्या नगाऱ्यावर ती जागा स्वच्छ यायची, पण बादलीवर बोटं वाजवल्यासारखी. त्याच सुमारास वाद्यवृंदाच्या संचालकांनी, म्हणजे समोर उभं राहून हातांच्या खुणांनी सगळ्यांना वाजवायला लावणाऱ्या सरांनी, माझ्याबद्दल एक निर्णय घेतला होता. मला सभागृहाच्या प्रवेशदालनात काचेच्या पेटीत ठेवायचं, वर दिवा, खाली पाटी. सुताराने माझं माप घेऊन पेटी तयारही केली. केवढा मान, असं जो तो म्हणत होता. मान कसला? नाक दाबून जिवंत पुरायचा बेत होता तो.

तालमीच्या दिवशी भाचीने मला तळघरातून वर आणायला लावलं. सरांनी हात खाली घेतले आणि तालीम थांबली.

"हे कातडं ऐन वेळी दगा देतं," सर म्हणाले. "इतक्या हळू वाजवताना सूर उतरला तर शेवटच्या रांगेला कळेल. मैफलीनंतर तुमचं मतदान आहे, लक्षात आहे ना?"

"आहे, सर."

"लोक आधीच म्हणतात की तुम्ही मामांच्या जिवावर आलात. आता मामांचाच नगारा घेऊन बसणार?"

"म्हणू देत. मला हा आवाज हवाय."

जबाबदारी तुमची, एवढं बोलून सरांनी तालीम पुढे सुरू केली. मित्रांनो, तळघरात मी तिच्याबद्दल जे काही मनात आणलं होतं, ते तिथल्या तिथे गिळलं.

मैफलीच्या दिवशी पाऊस होता. भाचीने दुपारीच येऊन डोक्यावरच्या दिव्याच्या उबेत माझा सूर लावून ठेवला होता. सरांना हे ठाऊक नव्हतं. उष्णतेने कातडं ताणलं जाईल या काळजीने त्यांनी भल्यासाठीच तो दिवा बंद करायला सांगितला. त्यात ओल्या कपड्यांनी माणसं आत आली आणि सभागृह गच्च भरलं. ऊब गेली, ओल आली, आणि माझं कातडं सैल पडू लागलं. मला ते कळत होतं, पण माझ्या हातात काही नव्हतं. भाची येऊन बसली, तिने टिचकी मारली, वर अंधाऱ्या दिव्याकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. पण आता मैफल सुरू झाली होती.

पितळी वाद्यं कानठळ्या बसतील अशी वाजत असताना ती माझ्यावर वाकली. डोळे मिटून, कान लावून ती एकेक पेच आवळत गेली. पोच्याजवळचा पेच मात्र हलेना. तिने पुन्हा जोर लावला. नाहीच. आणखी जोर लावला असता तर तो तुटला असता. पुढच्या व्हायोलिनवाल्याने शेजारणीला कोपराने ढोसलं. भाची फसली, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. मी घाबरलो होतो. पेटीत जावं लागेल म्हणून नाही, तिच्यासाठी.

तिने त्या पेचाचा नाद सोडला. बोटाने माझी कड चाचपत ती सूर खरा लागेल अशी जागा शोधू लागली, पोच्यापासून लांब. ती सापडली तशी तिने बसल्या बसल्या स्टूल सरकवलं. सगळी वाद्यं थांबली.

पहिला ठोका जरासा खाली लागला. सरांची भुवई वर गेली. भाचीने काठ्या किंचित बाजूला घेतल्या, आणि मग मी घुमलो. खोकणारे खोकायचे थांबले. कोपराने ढोसणारा व्हायोलिनवालासुद्धा मान वळवून माझ्याकडे बघत राहिला. एवढी वर्षं तळघरात मी जे पोटात धरून होतो, ते सगळं मी त्या हळू आवाजात सांगितलं. ओरडायची गरज पडली नाही.

मैफल संपल्यावर मामा काठी टेकत मंचावर आले. ते वरच्या सज्जात बसून ऐकत होते. त्यांनी बोटं पुसली आणि माझ्यावर हात ठेवला.

"पहिला ठोका खाली होता," ते म्हणाले.

"माहीत आहे, मामा."

"बाकीचे नव्हते."

एवढं बोलून ते कोट शोधायला गेले. भाचीने माझं फडकं उचलून त्याने आपलं तोंड पुसलं.

मतदानात तिला ठेवायचं ठरलं. सगळ्यांनी होकार दिला नाही, पण पुरेशांनी दिला. सरांनी सगळ्यांसमोर तिचं अभिनंदन केलं आणि म्हणाले, "आता माझं एक ऐका. एकदा निभावलं, दर वेळी निभावणार नाही. नगारा पेटीत जाऊ दे."

आत्ताच कुठे तिची नोकरी पक्की झाली होती. मान हलवून मोकळी झाली असती तर कुणी तिला नावं ठेवली नसती.

"मग पेटी मोठी करून घ्या, सर," ती म्हणाली. "मीही आत बसते."

कुणी हसलं नाही. मग ऑबो हे सनईसारखं वाद्य वाजवणाऱ्या बाई, ज्यांच्या सुरावर सगळा वाद्यवृंद आपापली वाद्यं लावतो आणि ज्या कधी चेष्टा करत नाहीत, शांतपणे म्हणाल्या, की जागा उरली तर मलाही सांगा. सरांनी वाकून माझ्या पोच्याजवळचा पेच फिरवून पाहिला.

"आधी त्या पेचाचं काहीतरी करा," ते म्हणाले.

पेच दुरुस्त झाला. काचेची पेटी प्रवेशदालनातच आहे. लोक तिच्यात ओल्या छत्र्या ठेवतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगतो, पण माझी अट आहे. माझी धूळ पुसा, पेचांना तेल द्या, कातडं फाटलं तर नवं चढवा, आणि कृपा करून कप दुसरीकडे ठेवा. पण मला जपायचं म्हणून मुका करू नका. तुमच्या घरातही असं कुणीतरी असेल, वस्तू असेल किंवा माणूस, ज्याला तुम्ही फार आदराने कोपऱ्यात बसवलं आहे. त्याला उठवा आणि काम सांगा. फाटायचंच असेल तर मी वाजता वाजता फाटेन.

नवा हंगाम आज सुरू होतो आहे. बाईंनी सूर दिला, भाचीने काठ्या उचलल्या. आता तुम्ही गप्प बसा. मला वाजायचं आहे.